भर दुपारचं व्याख्यान: बर्कलीत नव्याने आलेल्यांसाठी

सहा महिन्यांसाठी मुलांकडे आलेले आई-बाबा असोत, नाहीतर एच-४ व्हिसावर, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीच्या व्हिसामागोमाग, येऊन घरात अडकलेली सून किंवा जावई, कॅलिफोर्नियाच्या बे एरियात नव्याने आलेल्या मराठी माणसाला मी एक गोष्ट हमखास सांगते: आठवड्यातली एक दुपार बर्कलीच्या विद्यापीठात काढा. तिथे ग्रंथालयात आणि त्याच्या आसपासच्या इमारतींमध्ये जेवणाच्या सुट्टीत प्राध्यापकांची व्याख्यानं होतात. पैसे पडत नाहीत, नाव नोंदवावं लागलं तरी फुकटात नोंदवता येतं आणि कार्यक्रम तासाभराच्या आत संपतो. विद्यार्थ्यांना या व्याख्यानांची माहिती असते, पण ते फारसे येत नाहीत. खुर्च्या भरतात त्या निवृत्त मंडळींनी, दुसऱ्या विभागांतल्या प्राध्यापकांनी आणि गावातल्या हौशी लोकांनी. म्हणजे तुम्ही गेलात तर वेगळे दिसाल, ही भीती मनातून काढून टाका.

आपल्याला व्याख्यान ऐकण्याची सवय आहेच. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून चालू आहे, आणि गावोगावच्या व्याख्यानमालांना जाऊन कान तयार झालेली पिढीच इथे मुलांकडे येते. तरी इथले रिवाज वेगळे आहेत. कार्यक्रम भर दुपारी, वेळ घड्याळाच्या काट्यावर, हारतुरे नाहीत, पाहुण्यांची ओळख दोन मिनिटांत आटोपते आणि आभारप्रदर्शन नावाचा प्रकारच नाही. शेवटची गोष्ट मला वैयक्तिकरीत्या फार आवडते.

आधी कोणती व्याख्यानं ते ठरवा

विद्यापीठाच्या इव्हेंट्स कॅलेंडरवर रोज इतकं काही असतं की माणूस गोंधळतो. सुरुवातीला तीनच गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, टाउनसेंड सेंटर या विद्यापीठातल्या मानव्यविद्या केंद्राच्या बुक चॅट्स. बुधवारी दुपारी १२ ते १, स्टीफन्स हॉलमधल्या २२० क्रमांकाच्या गेबॉली रूममध्ये. प्राध्यापक स्वतःच्या नव्या पुस्तकाबद्दल बोलतात आणि दुसरा एखादा प्राध्यापक त्यांना प्रश्न विचारतो. दोघांच्या गप्पांसारखं असल्यामुळे नवख्याला हेच सगळ्यात सोपं जातं. विषय इतिहास, साहित्य, कला, संगीत, तत्त्वज्ञान असे. गणिताच्या सूत्रांनी फळा भरत नाही.

दुसरी, बॅन्क्रॉफ्ट ग्रंथालयाचं राउंडटेबल. महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी दुपारी. जागेचा शिरस्ता फॅकल्टी क्लबातल्या लुइस-लॅटिमर खोलीचा. कोविडपासून झूमवरही ही सत्रं होऊ लागली. बॅन्क्रॉफ्ट हे दुर्मीळ कागदपत्रांचं ग्रंथालय. ह्यूबर्ट बॅन्क्रॉफ्ट नावाच्या पुस्तकविक्रेत्याने जमवलेला संग्रह विद्यापीठाने १९०५ मध्ये विकत घेतला, तिथून ते वाढत गेलं. राउंडटेबलला बोलणारा माणूस त्याच कागदपत्रांत महिनोन्‌महिने बुडालेला असतो. त्यामुळे विषय अगदी चिमुकला, पण माहिती तळापर्यंतची. कुठल्याशा जुन्या नकाशावर किंवा कुणाच्या रोजनिशीवर पाऊण तास बोलणारा माणूस ऐकणं ही वेगळीच मजा आहे. मला विचाराल तर तिन्हींत हे सरस.

तिसरी, लंच पोएम्स. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी १२:१० ते १२:५०, डो या विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयातल्या मॉरिसन वाचनकक्षात. कवी आणि प्राध्यापक रॉबर्ट हास यांनी कितीतरी वर्षं याची धुरा सांभाळली. हे व्याख्यान नव्हे, काव्यवाचन. पण सप्टेंबरातला पहिला कार्यक्रम चुकवू नका. त्या दिवशी विद्यापीठातल्या वेगवेगळ्या विभागांतले प्राध्यापक आणि कर्मचारी येऊन आपापली आवडती कविता वाचतात. रसायनशास्त्राचा माणूस कविता वाचताना कसा दिसतो, हे बघण्यासाठी तरी जावं.

कोणत्या महिन्यात

इथे बरेच जण फसतात. आई-बाबा एप्रिलमध्ये येतात, म्हणजे तिकडचा उन्हाळा चुकतो, आणि दिवाळीच्या आत परततात. पण विद्यापीठाचं वसंत सत्र मेच्या सुरुवातीला शिकवणं थांबवतं आणि पुढचं सत्र ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं. मधले साडेतीन महिने व्याख्यानांच्या बाबतीत भाकड. कॅलेंडर उघडून "इथे काहीच नसतं" असं ठरवून टाकू नका. सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि फेब्रुवारी ते एप्रिल हे भरगच्च महिने. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात थँक्सगिव्हिंग, मार्चच्या शेवटी आठवडाभर सुट्टी, तेवढं वगळा. तिकीट अजून काढलेलं नसेल आणि असल्या गोष्टींची आवड असेल, तर ऑगस्टअखेर येऊन थंडीत परतण्याचा विचार करा. मुलांना सोयीचं असो नसो, तुमच्या दुपारी सत्कारणी लागतील.

व्हिसाचं विचाराल तर, पर्यटक म्हणून आलेल्याने विद्यापीठात अभ्यासक्रमाला नाव घालणं नियमात बसत नाही. पण सर्वांना खुलं असलेलं व्याख्यान ऐकणं म्हणजे अभ्यासक्रमाला प्रवेश घेणं नव्हे. निश्चिंत जा. सूचनेत "ओपन टू द पब्लिक" लिहिलंय एवढं मात्र बघा. काही बैठका फक्त विभागातल्या लोकांसाठी असतात.

आदल्या रात्रीची अर्ध्या तासाची तयारी

ही तयारी टाळू नका. ऐकू येणं आणि कळणं यात फरक पडतो तो इथेच. प्रत्येक व्याख्यानाच्या सूचनेखाली सात-आठ ओळींचा गोषवारा असतो. तो दोनदा वाचा. त्यातली माणसांची आणि गावांची नावं कागदावर लिहून काढा आणि नकाशावर ती गावं कुठे आहेत बघून ठेवा. अमेरिकन उच्चारातली इंग्रजी कानावरून सुटते ती बहुतेक अशा नावांपाशी. नाव ओळखीचं असलं की वाक्य सुटत नाही, आणि नाव अनोळखी असलं की आपण त्याच्या मागे लागतो, तोवर वक्ता तीन वाक्यं पुढे गेलेला असतो.

मग विभागाच्या पानावर वक्त्याची ओळख वाचा. काय शिकवतात, आधी कशावर लिहिलंय, बस. झूमचा दुवा दिलेला असेल तर पहिली एक-दोन व्याख्यानं घरूनच ऐका आणि कॅप्शन्स चालू ठेवा, म्हणजे पडद्यावर शब्द उमटत राहतात. त्या दोन वेळांत कान सरावतात. ऐकायला कमी येत असेल तर सूचनेच्या तळाशी सोयीसुविधांसाठी ईमेलचा पत्ता दिलेला असतो. आठवडाभर आधी लिहा. त्यात संकोच वाटण्यासारखं काहीही नाही, इथे तो हक्क समजला जातो.

पोचायचं कसं

गाडी नेऊ नका, पार्किंगमध्ये जीव जाईल. फ्रीमाँट, युनियन सिटी, हेवर्ड, मिलपिटास या भागातून बार्ट या इथल्या लोकल रेल्वेची नारिंगी मार्गिका थेट डाउनटाउन बर्कलीला नेते, मध्ये गाडी बदलावी लागत नाही. फ्रीमाँटहून पाऊण तासाच्या आसपास धरा. ६५ वर्षं पूर्ण झाली असतील तर सीनियर क्लिपर कार्ड, म्हणजे ज्येष्ठांसाठीचं प्रवासभाड्याचं कार्ड, काढून घ्या. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो आणि बार्टच्या भाड्यात ६२.५ टक्के सवलत मिळते. मुलाचं साधं कार्ड वापरून पूर्ण भाडं भरणारे कितीतरी काका-काकू रोज दिसतात.

स्टेशनातून वर आलात की शॅटक ॲव्हेन्यूचा जो पूर्वेकडचा फाटा लागतो, त्याला आता कला बगाई वे म्हणतात. कला बगाई १९१५ मध्ये भारतातून कुटुंबाबरोबर अमेरिकेत आल्या. बर्कलीत विकत घेतलेल्या घरात शेजाऱ्यांनी त्यांना पाऊल ठेवू दिलं नाही. ज्या गावाने हाकलून लावलं त्याच गावाने शंभर वर्षांनी रस्त्याला नाव दिलं. पाटी वाचायला मिनिटभर थांबा.

तिथून सेंटर स्ट्रीटने डोंगराच्या दिशेने, म्हणजे पूर्वेला चालायचं. ऑक्सफर्ड स्ट्रीट ओलांडलात की विद्यापीठ सुरू. चढ आहे. तरुण माणूस पंधरा मिनिटांत डो ग्रंथालयापाशी पोचतो. गुडघ्यांची तक्रार असेल तर अर्धा तास ठेवा आणि वाटेत बाकांवर बसा. खूण म्हणून कॅम्पनिली, म्हणजे उंच घंटामनोरा, नजरेसमोर ठेवा. डो त्याच्याच शेजारी आहे, स्टीफन्स हॉल आणि फॅकल्टी क्लबही तिथून हाकेच्या अंतरावर.

स्वेटर विसरू नका. फ्रीमाँटला उकडत असताना बर्कलीत खाडीवरून वारा येतो आणि धुकं दुपारपर्यंत रेंगाळतं. घरून निघताना सून "एवढ्या उन्हात स्वेटर?" म्हणेल. तिच्याकडे दुर्लक्ष करा.

सत्र चालू असताना बाराच्या ठोक्याला कॅम्पनिलीतल्या ६१ घंटांवर दहा मिनिटं वाजवतात. कुणीतरी वर बसून हातापायांनी वाजवत असतं, ध्वनिफीत नव्हे. बर्कलीतले वर्ग ठरलेल्या वेळेनंतर दहा मिनिटांनी सुरू होतात, त्यामुळे कॅलेंडरवर १२ लिहिलेलं असलं तरी माणसं निवांत दिसली तर घाबरू नका. तुम्ही मात्र बाराच्या आधीच पोचा. घंटा ऐकत हिरवळीवर बसा आणि १२:०५ ला आत शिरा.

डो ही १९११ ची, ग्रीक देवळासारखी खांबांची इमारत. उत्तरेच्या मुख्य दारावर ग्रीक ज्ञानदेवता अथेनाचा कांस्य अर्धपुतळा आहे. सार्वजनिक कार्यक्रम असेल त्या दिवशी कक्षापर्यंत जायला अडचण येत नाही, पण एरवी विद्यापीठाचं ओळखपत्र नसणाऱ्यांना कोणत्या वेळी आत सोडतात ते ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर सकाळी बघून निघा. जवळ पासपोर्टची प्रत किंवा फोटो असलेलं कुठलंही ओळखपत्र असू द्या. मॉरिसन कक्ष १९२८ चा. लाकडाने मढवलेल्या भिंती, गुबगुबीत खुर्च्या, दिवे. अशा खुर्चीत भर दुपारी बसलं की डुलकी लागते, म्हणून माझा सल्ला साध्या घडीच्या खुर्चीवर बसण्याचा.

डब्याचं शास्त्र

सूचनेत "ब्राउन बॅग" असं लिहिलेलं असेल तर आपापला डबा आणून, ऐकता ऐकता खायचा असतो. तसं लिहिलेलं नसेल तर खाऊन जा किंवा नंतर खा. वाचनकक्षात तर डबा उघडूच नका, पुस्तकांच्या जागी खाण्याला मनाई असते.

डबा न्यायचा असेल तेव्हा मेनूचा विचार करावा लागतो, आणि या बाबतीत माझी मतं ठाम आहेत. पोळीत सुकी बटाट्याची भाजी घालून केलेला रोल उत्तम. तिखटमिठाच्या पुऱ्या, धिरडं, दडपे पोहे चालतील. लसणाची चटणी, मेथी, अंडं आणि कुठल्याही प्रकारचे मासे घरी ठेवा. कोंदट खोलीत चाळीस जण बसलेले असतात. आमटी-भात कितीही आवडला तरी मांडीवर ठेवून चमच्याने खाताना तुमचं लक्ष व्याख्यानात राहणार नाही आणि शेजारच्याचंही.

आवाजाचाही विचार करा. स्टीलच्या डब्याचं झाकण उघडताना जो "टण्ण" होतो, तो शांत खोलीत फार मोठा वाटतो. ॲल्युमिनियमची फॉइल त्याहून वाईट, एकदा कुरकुरायला लागली की थांबतच नाही. रोल पातळ सुती फडक्यात गुंडाळा, फडकं मांडीवर पसरायलाही होतं. वक्त्याची ओळख करून देत असतात त्या दोन-तीन मिनिटांत डबा उघडून तयार व्हा आणि पहिल्या दहा मिनिटांत खाऊन मोकळे व्हा. शेजाऱ्याला आग्रह करू नका. आपल्याकडे न विचारणं उद्धटपणा. इथे माणूस अवघडतो, कारण नाही म्हणायचं कसं ते त्याला कळत नाही.

बसणं आणि ऐकणं

पहिल्याच दिवशी पहिल्या रांगेत नको, पण दुसरी-तिसरी रांग धरा. मागे बसलं की आवाज अर्धा आणि पडद्यावरची अक्षरं धूसर. लवकर उठायचं असेल तर कडेची खुर्ची. एक वाजता वर्ग असणारी मुलं आणि प्राध्यापक मध्येच दप्तर उचलून चालू लागतात. तो वक्त्याचा अपमान नाही, वक्त्यालाही पुढे वर्ग असतोच.

साहित्य-इतिहासातले काही प्राध्यापक लिहून आणलेला निबंध वाचून दाखवतात. आपल्या वक्तृत्वाच्या कल्पनेत हे बसत नाही. "वाचायचंच होतं तर छापून द्यायचं" असं मनात येतं. धीर धरा. वाचलेल्या निबंधाचं मर्म पहिल्या पाच मिनिटांत आणि शेवटच्या पाच मिनिटांत असतं. मधला भाग पुराव्यांचा. त्यातलं थोडं निसटलं तरी बिघडत नाही.

वही न्या. मराठीत टिपणं काढा, इंग्रजी नावं जशी ऐकू आली तशी देवनागरीत लिहा, घरी जाऊन शोधता येतात. फोनवर ध्वनिमुद्रण करायचं तर आधी विचारा. विद्यापीठाचं पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय आहे.

प्रश्न विचारताना

आपल्या सभांमध्ये प्रश्नोत्तरांच्या वेळी एखादे गृहस्थ उभे राहतात, स्वतःचा परिचय देतात, मग स्वतःचे विचार मांडतात आणि शेवटी "याबद्दल आपलं काय मत?" म्हणतात. इथे सूत्रसंचालक हसतमुखाने मध्येच तोडतो. प्रश्न दोन वाक्यांचा ठेवा. हात वर करा, सूत्रसंचालकाने बोट दाखवलं की माइकची वाट बघा. माइक न घेता मोठ्याने बोलू नका, कारण झूमवर बसलेल्यांना ऐकू जात नाही.

प्रश्न वक्त्याने दाखवलेल्या एखाद्या वस्तूला धरून विचारा. नकाशा, छायाचित्र, पत्र, काहीही. "थँक यू, प्रोफेसर. त्या दुसऱ्या नकाशात नदीच्या डाव्या काठावर गाव दिसत नाही. तो नकाशा काढणाऱ्याने ते मुद्दाम वगळलं का?" एवढं इंग्रजीत जमलं की झालं. उच्चाराची काळजी करू नका. खोलीतल्या निम्म्या लोकांची मातृभाषा इंग्रजी नसते. वक्त्याला "सर" किंवा "मॅडम" म्हणण्याऐवजी "प्रोफेसर" आणि पुढे आडनाव.

निवृत्त शिक्षक, इंजिनीअर, बँकेतले अधिकारी, शेतकी खात्यातली माणसं, तुमच्याकडे जे अनुभवाचं ज्ञान आहे ते प्रश्नात जरूर येऊ द्या, पण एका वाक्यात. पाण्यावर बोलणाऱ्या प्राध्यापकाला "मी महाराष्ट्रात धरणांच्या कामावर होतो" एवढं म्हणून विचारलेला प्रश्न लक्षात राहतो. कार्यक्रम संपल्यावर तोच तुम्हाला शोधत येईल. नाही आला तर पुढे जाऊन तीन-चार जणांच्या रांगेत उभे राहा. त्यात घुसखोरी काही नाही, ती वेळ त्यासाठीच असते.

तरुणांसाठी एवढंच: एच-४ वर असाल आणि पुढे शिकायचा विचार असेल, तर या रांगेत झालेली ओळख नंतर ईमेल करताना उपयोगी पडते. दोन दिवसांत लिहा आणि व्याख्यानातल्या एका मुद्द्याचा उल्लेख करा.

व्याख्यान संपल्यावर लगेच परतू नका

इतक्या लांब आलात तर दुपारचे दोन तास ग्रंथालयात घालवा. चहा हवा असेल तर डोच्या शेजारच्या मॉफिट ग्रंथालयात फ्री स्पीच मूव्हमेंट कॅफे आहे. १९६४ मध्ये याच आवारात विद्यार्थ्यांनी भाषणस्वातंत्र्याचं आंदोलन केलं, त्याची छायाचित्रं भिंतींवर दिसतील. चहा मात्र आपल्यासारखा मिळेल ही अपेक्षा ठेवू नका.

मग डोमधली १२० क्रमांकाची खोली शोधा. दक्षिण आणि आग्नेय आशियाचं ग्रंथालय. विद्यापीठाच्या संग्रहात मराठी पुस्तकंही आहेत. ती इथे कशी आली याची गोष्ट साठीच्या पुढच्या वाचकांना चटकन कळेल. पीएल ४८० चा लाल गहू आठवतो? रेशनच्या रांगेत उभं राहून आणलेला, ज्याच्या पोळ्या चिवट व्हायच्या तो? अमेरिकेच्या १९५४ च्या त्या कायद्याखाली आलेल्या धान्याची किंमत भारत रुपयांत चुकती करायचा आणि ते रुपये भारतातच पडून राहायचे. १९६२ पासून त्यातल्या काही पैशांतून भारतीय भाषांमधली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या ग्रंथालयांना पाठवायला सुरुवात झाली. गहू अमेरिकेतून भारतात गेला आणि त्याच्या पैशांनी दिल्लीमार्गे मराठी पुस्तकं भारतातून अमेरिकेत आली. साठ-सत्तरच्या दशकातलं, आपल्याकडे आता कुठेच न मिळणारं पुस्तक इथल्या मांडणीत सापडू शकतं. आधी ऑनलाइन सूचीत लेखकाचं आडनाव रोमन लिपीत टाकून शोधा आणि पुस्तक कुठे ठेवलंय ते लिहून घ्या. मुख्य मांडण्यांमध्ये असेल तर कसं बघता येईल ते काउंटरवर विचारा.

बॅन्क्रॉफ्टची इमारत डोला चिकटूनच आहे. तिथे दुर्मीळ कागदपत्रं बघायला नाव नोंदवावं लागतं आणि आधी मागणी करावी लागते, त्यामुळे ते दुसऱ्या खेपेसाठी ठेवा. पण ठेवा जरूर. उत्तर अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांच्या कागदपत्रांचा एक संग्रह तिथे आहे आणि त्यात इंग्रजी सत्तेविरुद्धच्या गदर चळवळीचं साहित्य आहे. १९१३ मध्ये उभ्या राहिलेल्या गदर पक्षाचं ठाणं खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत होतं. ही चळवळ मुख्यतः पंजाब्यांची म्हणून आपण सोडून देतो, पण वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे तिच्या पायाभरणीत होते आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे यांना १९१५ च्या नोव्हेंबरात लाहोरला फाशी झाली. राउंडटेबलला दोन-तीनदा हजेरी लावून तिथल्या लोकांशी तोंडओळख झाली, की मग असा एखादा विषय घेऊन वाचनकक्षात बसायला तुम्हालाच हुरूप येईल.

परतीची बार्ट चारच्या आत पकडा. त्यानंतर कचेऱ्या सुटतात आणि फ्रीमाँटपर्यंत उभं राहावं लागतं. गाडी दर वीस मिनिटांनी असते. फलाटावर बेरिएसा लिहिलेली नारिंगी गाडी तुमची, कारण लाल गाडी सॅन फ्रान्सिस्कोकडे जाते. गाडीत बसल्या बसल्या पुढच्या बुधवारची बुक चॅट कॅलेंडरवर बघून ठेवा आणि नाव नोंदवायचं असेल तर तिथेच नोंदवून टाका.